आधी काय होता आणि किती तापला? रूपांतरित खडक ओळखण्याची आणि वापरण्याची रीत

शाळेच्या भूगोलात रूपांतरित खडकांवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘जोड्या लावा’. ग्रॅनाइटचा नाइस, चुनखडकाचा संगमरवर, वालुकाश्माचा क्वार्टझाइट, शेलची स्लेट, कोळशाचे ग्रॅफाइट. गुण पक्के. पण ही यादी पाठ करून माणूस डोंगरावर किंवा फरशीवाल्याच्या गोदामात गेला की ती फारशी कामाला येत नाही. नाइस ग्रॅनाइटपासून होतो तसा चिखलापासूनही होतो. एकाच शेलची, म्हणजे चिखल दाबून झालेल्या खडकाची, आधी स्लेट होते, मग फिलाइट, मग शिस्ट आणि शेवटी नाइस. म्हणजे ‘नाइस’ हे नाव तो खडक मुळात काय होता ते सांगतच नाही.

म्हणून जोड्या विसरा आणि हातातल्या दगडाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. हा आधी काय होता? आणि त्याला किती ताप-दाब लागला? दोन्ही उत्तरे मिळाली की हा दगड ओट्यावर चालेल का, भट्टीच्या विटेत जाईल का, याच्यावर पाया घालावा का, हे बऱ्याच अंशी आपोआप कळते. खाली हीच रीत पायरीपायरीने मांडली आहे. त्याआधी हे खडक घडतात कसे ते थोडे नीट समजून घ्यायला हवे, नाहीतर पायऱ्या नुसत्या पाठ होतील.

ताप, दाब आणि पाणी

रूपांतरण म्हणजे खडक वितळणे नव्हे. वितळला तर त्याचा शिलारस होतो, आणि तो थंड होऊन बनणारा खडक अग्निजन्य. रूपांतरित खडक सगळा बदल घन अवस्थेतच सोसतो. वीटभट्टीत कच्ची वीट वितळत नाही, तरी बाहेर येते ती माती राहिलेली नसते. खडकाचेही तसेच, फक्त इथे भट्टी काही किलोमीटर खोल असते आणि भाजणी लाखो वर्षे चालते.

भूकवचात खाली जाल तसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. २०० अंशांच्या आसपास चिखलाच्या खडकातली मातीची खनिजे बदलू लागतात. ही खालची सीमा. वरची सीमा इतकी ठरीव नाही. पाणी हाताशी असेल तर ६५० ते ७०० अंशांना खडकाचा ग्रॅनाइटसारखा भाग वितळायला लागतो. खडक कोरडा असेल तर ९०० अंशांपर्यंतही तो घन राहू शकतो. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या, पांढऱ्या-काळ्या नागमोडी रेघांच्या खडकाला मिग्मटाइट म्हणतात. तो रूपांतरित की अग्निजन्य यावर भूवैज्ञानिकही फार ताणत नाहीत.

दाब दोन प्रकारचा. एक वरच्या खडकांच्या वजनाचा, सगळ्या बाजूंनी सारखा. साधारण साडेतीन किलोमीटरला एक किलोबार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ हजारपट. त्याने खडक घट्ट होतो, पण त्याला दिशा येत नाही. दुसरा दाब एकाच बाजूने येणारा, दोन भूखंड एकमेकांवर रेटले जातात तेव्हाचा. या दाबाखाली अभ्रकाचे पापुद्रे रेट्याला काटकोनात आडवे होत वाढतात आणि खडकाला पत्रण, म्हणजे पानापानांसारखी एका दिशेची मांडणी, येते. स्लेटची पातळ फळी निघते किंवा शिस्ट चमचमतो, तो याच रेट्याचा परिणाम.

तिसरा घटक पाणी. पुस्तकांत त्याला एक ओळ मिळते, हे मला कधीच पटले नाही. चिखलाच्या खनिजांत पाणी अडकलेले असते. तापत गेले की ते बाहेर पडते आणि अणूंची ने-आण करते. त्याच्याशिवाय कोरड्या खडकातल्या क्रिया कमालीच्या संथ होतात. त्यातूनच एका जुन्या कोड्याचे उत्तर मिळते: ६०० अंशांना तयार झालेली खनिजे खडक वर येऊन थंड झाला तरी मूळ रूपात परत का जात नाहीत? कारण वर जाताना पाणी सोबत उरलेले नसते. ते आधीच निघून गेलेले असते, म्हणून तापाची नोंद खडकात तशीच टिकते. ही नोंद पुसली गेली असती तर खालची एकही पायरी शक्य झाली नसती.

भट्टी कुठे पेटते त्यावरून प्रकार पडतात. शिलारस शेजारच्या खडकात घुसला की त्याच्या कडेने काही मीटर ते काही किलोमीटर रुंदीची भाजलेली पट्टी तयार होते; हे संपर्क रूपांतरण. त्यात ताप भरपूर पण बाजूचा रेटा नाही, म्हणून हॉर्नफेल्ससारखे टणक, पत्रण नसलेले खडक होतात. पर्वत घडताना हजारो चौरस किलोमीटरचा प्रदेश एकदम तापतो-दबतो ते प्रादेशिक रूपांतरण; आपण पाहतो त्यातले बहुसंख्य रूपांतरित खडक यातलेच. भेगांच्या पट्ट्यात खडक रगडला जाऊन मायलोनाइट होतो. समुद्रतळाशी गरम पाणी बेसाल्टमधून, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या खडकातून, फिरते आणि त्याला हिरवे करते.

आणि एक प्रकार असा की ज्याला लाखो वर्षे लागत नाहीत, क्षण पुरतो. उल्का आदळली की त्या धक्क्यात फेल्स्पार या खनिजाचे स्फटिक वितळल्याविनाच काचेसारखे होतात. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला, १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातल्या बेसाल्टमध्ये, ती सापडली आहे. लोणारच्या वयाबद्दल ५० हजार वर्षांपासून साडेपाच लाखांहून जास्त वर्षांपर्यंत वेगवेगळे अंदाज आहेत, पण आघाताबद्दल आता वाद नाही.

आपल्याकडे हे खडक कुठे

पुणे, नाशिक, औरंगाबाद, सातारा इथे वाढलेल्या माणसाने रूपांतरित खडक डोंगरात पाहिलेलाच नसतो. त्याने पाहिला तो देवळाच्या फरशीत. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याखाली झाकला आहे, आणि सह्याद्रीचा हा काळा पाषाण रूपांतरित नाही. जुने खडक दिसतात ते लाव्ह्याच्या चादरीच्या दोन टोकांना. पूर्वेला नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. दक्षिणेला सिंधुदुर्ग आणि पुढे जवळजवळ सगळा गोवा. या पट्ट्यातल्या वाचकाने हा लेख अंगणातला दगड हातात घेऊनच वाचावा.

पायरी १: ताजा पृष्ठभाग मिळवा

बाहेरचा दगड ऊन-पावसाने गंजलेला असतो. लाल-पिवळी साल पाहून नाव ठरवू नका. हातोडीने एक कपची उडवा. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण क्वार्टझाइटची कपची काचेसारखी उडते. सोबत १० पट मोठे दाखवणारे भिंग, स्टीलचा चाकू, तांब्याच्या तारेचा तुकडा आणि एक लिंबू. पुस्तकांत काठिण्याच्या कसोटीसाठी तांब्याचे नाणे सांगितलेले असते, पण आजची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, त्यांनी निष्कर्ष चुकतो. म्हणून तार.

पायरी २: पत्रण आहे का?

दगड उन्हात फिरवून पाहा. एका कोनात सगळा पृष्ठभाग एकदम चमकला तर चपटी खनिजे एका दिशेने लागलेली आहेत. इथे एक फसगत सांभाळायची: गाळाच्या खडकातही थर असतात. गाळाचा थर कणांच्या आकारातल्या किंवा रंगातल्या फरकाने दिसतो. पत्रण खनिजांच्या मांडणीने दिसते, आणि कित्येकदा ते मूळ थरांना तिरके छेदून जाते. एकाच दगडात दोन्ही दिसले तर समजा नशीब उघडले, कारण त्यातून दाब कुठल्या दिशेने आला तेही काढता येते.

पत्रण असेल तर नाव मुख्यतः पोतावरून ठरते. कण डोळ्यांना दिसतच नाहीत, दगड सपाट फळ्यांत फुटतो आणि टिचकी मारली की खणखणतो: स्लेट. कण अजून दिसत नाहीत पण पृष्ठभागाला रेशमी चकाकी, बारीक सुरकुत्या: फिलाइट. अभ्रकाचे पापुद्रे नजरेला सुटे दिसतात, नखाने उचकटता येतात: शिस्ट. फिकट आणि गडद खनिजांचे पट्टे वेगळे पडलेले, दगड पट्ट्यांवरून सहज न फुटता कुठेही फुटतो: नाइस. जुन्या मराठी पुस्तकांत शिस्टला सुभाजा आणि नाइसला पट्टिताश्म म्हटलेले सापडेल. चिखलापासून निघालेल्या खडकांत हा क्रम वाढत्या तापाचाही क्रम असतो. ग्रॅनाइटला मात्र स्लेट-फिलाइटची वाट नाही, कारण त्याच्याजवळ पुरेसे अभ्रक होईल एवढी माती मुळात नसते. तो थेट नाइस होतो.

पायरी ३: पत्रण नसेल तर चाकू आणि लिंबू

पत्रण नसलेल्या खडकात नाव खनिजावरून ठरते, म्हणून कसोट्या साध्या आहेत. १ ते १० च्या मोहस श्रेणीवर नखाचे काठिण्य सुमारे २.५, तांब्याच्या तारेचे ३ च्या आसपास, चाकूचे ५.५. कॅल्साइट (चुनखडकाचे मुख्य खनिज) ३, डोलोमाइट ३.५ ते ४, फेल्स्पार ६, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी ७.

पांढरा, साखरेसारख्या कणांचा दगड. चाकूने ओरखडला जातो आणि लिंबाच्या रसाने भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसतात: कॅल्साइटचा संगमरवर. ओरखडला जातो पण बुडबुडे नाहीत? चाकूने थोडी पूड करा आणि तिच्यावर रस टाका. लिंबाने काहीच कळले नाही तर प्रयोगशाळेतले विरल हायड्रोक्लोरिक आम्ल पुडीवर टाकल्यावर फसफसेल: डोलोमाइटचा संगमरवर. चाकूचीच धार दगडावर घासली जाते आणि दगडावर स्टीलची करडी रेघ उमटते: क्वार्टझाइट.

क्वार्टझाइट आणि घट्ट वालुकाश्म यांतला फरक भिंगाखाली फुटीत दिसतो. वालुकाश्म कणांच्या कडेकडेने फुटतो, म्हणून बोटाला खरबरीत लागतो. क्वार्टझाइटमध्ये कण एकमेकांत इतके गुंतलेले असतात की फूट कण कापत जाते आणि पृष्ठभाग काचेसारखा तुळतुळीत निघतो. संगमरवर आणि चुनखडक यांचेही तसेच: चुनखडक मंद, कधी शिंपल्यांच्या खुणा असलेला, संगमरवरात प्रत्येक कणाची सपाट बाजू वेगवेगळ्या कोनात लखलखते आणि जीवाश्म बहुधा पुसले गेलेले असतात.

उरलेले थोडक्यात. काळा, जड, लांबट सुयांसारख्या खनिजांचा दगड बहुतेक अँफिबोलाइट, म्हणजे तापलेला बेसाल्ट. हिरवा, स्पर्शाला मेणचट, सापाच्या कातडीसारखी नक्षी असलेला सर्पेंटिनाइट. नखाने ओरखडणारा, बोटाला साबणासारखा लागणारा दगड शंखजिऱ्याचा. गडद, बारीक कणांचा, हातोडीला घंटेसारखा वाजणारा आणि ग्रॅनाइटच्या शेजारी सापडलेला हॉर्नफेल्स.

पायरी ४: तापमापक खनिज शोधा

इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ साली दाखवले की मुळात एकाच प्रकारच्या चिखलाच्या खडकातून चालत गेले तर ठरावीक खनिजे ठरावीक क्रमाने पहिल्यांदा दिसू लागतात: क्लोराइट, बायोटाइट (काळे अभ्रक), गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. हा वाढत्या तापाचा क्रम आहे. म्हणजे शिस्टमध्ये हिरवट क्लोराइट असेल तर तो ३०० ते ४०० अंशांच्या घरात भाजला. लाल-तपकिरी, बारा बाजूंचे गार्नेटचे मणी असतील तर साधारण ५०० अंशांकडे. पांढऱ्या तंतूंचे सिलिमनाइट असेल तर ६०० च्या वर. पुढे फिनलंडच्या पेंटी एस्कोला यांनी ही कल्पना सगळ्या प्रकारच्या खडकांना लागू केली, आणि ग्रीनशिस्ट, अँफिबोलाइट, ग्रॅन्युलाइट, एक्लोगाइट असे ताप-दाबाचे गट त्यांच्या नावाने रूढ झाले.

या यादीतले कायनाइट आणि सिलिमनाइट, आणि सोबतीला अँडालुसाइट, ही तिन्ही रासायनिक दृष्ट्या एकच. ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन, प्रमाणही तेच. फरक फक्त अणूंच्या रचनेचा, आणि ती रचना ताप-दाब ठरवतो. कमी दाबाला अँडालुसाइट, जास्त दाबाला कायनाइट, जास्त तापाला सिलिमनाइट. तिघांच्या सीमा सुमारे ५०० अंश आणि ४ किलोबारला एकत्र येतात, म्हणजे जमिनीखाली १४-१५ किलोमीटर. कायनाइट ओळखायला सोपे: निळसर, पात्यासारखे स्फटिक, आणि लांबीच्या दिशेने चाकूने ओरखडले जाते पण आडवे ओरखडत नाही. हे खनिज भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या पट्ट्यात सापडते, सिलिमनाइटही तिथेच, आणि कुरुंदही.

खनिज किती खोलवरची बातमी देऊ शकते याचे टोकाचे उदाहरण लडाखमध्ये त्सो मोरिरी सरोवराजवळ आहे. तिथल्या एक्लोगाइटमध्ये कोएसाइट सापडले, म्हणजे गारगोटीचे अतिदाबाखालचे रूप. त्याचा अर्थ भारतीय भूखंडाची कड आशियाखाली सुमारे ९० किलोमीटर किंवा त्याहून खोल गेली आणि परत वर आली.

पायरी ५: आधी काय होता ते ठरवा, मग नाव द्या

मूळ खडक काढायला रसायन पाहायचे, पोत नाही. अभ्रक आणि गार्नेट, कायनाइट यांची रेलचेल असेल तर मूळ चिखल. कॅल्साइट-डोलोमाइट असेल तर चुनखडक. जवळजवळ सगळी गारगोटी असेल तर वाळू. काळे हॉर्नब्लेंड आणि फेल्स्पार असेल तर बेसाल्ट. फेल्स्पार, गारगोटी आणि थोडे अभ्रक असेल तर ग्रॅनाइट किंवा तशीच वाळू; इथे शंका राहते आणि ती राहू द्यावी.

नाव लिहिताना खनिजे कमी प्रमाणापासून जास्त प्रमाणाकडे मांडायची, मग पोताचे नाव. ‘गार्नेट-बायोटाइट शिस्ट’ म्हणजे बायोटाइट जास्त, गार्नेट कमी. बाकी स्थानिक नावे भरपूर आहेत आणि ती टाळता येत नाहीत. गार्नेट-सिलिमनाइटच्या खोंडालाइटला ओडिशातल्या कोंध लोकांवरून नाव पडले. मँगनीजच्या गार्नेटच्या आणि गारगोटीच्या गोंडाइट या खडकाला भूवैज्ञानिक लुई फर्मॉर यांनी १९०९ च्या आपल्या मोठ्या अहवालात गोंडांवरून नाव दिले. आणि चार्नोकाइटचे नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉब चार्नोक या अधिकाऱ्याच्या कोलकात्यातल्या थडग्याच्या दगडावरून आले, जो दगड मुळात चेन्नईच्या बाजूचा आहे.

शेवटी आपला निष्कर्ष नकाशाशी ताडून पाहा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर भूवैज्ञानिक नकाशे पाहता येतात. पुण्याच्या टेकडीवर तुम्हाला शिस्ट सापडला असेल तर तो बहुतेक बांधकामाच्या ट्रकमधून पडलेला आहे.

घरासाठी दगड निवडताना

बाजारातली नावे भूविज्ञानाची नसतात. घासून चकाकतो तो ‘मार्बल’, चाकूला दाद देत नाही तो ‘ग्रॅनाइट’, एवढाच बाजाराचा नियम. म्हणून शहाबादी, कोटा, कडप्पा आणि जैसलमेरचा पिवळा दगड हे सगळे चुनखडक, रूपांतरित नाहीत, तरी कोणी ना कोणी ते मार्बलच्या रांगेत उभे करतो. राजस्थानात उदयपूरजवळच्या केसरियाजीचे ‘ग्रीन मार्बल’ हे सर्पेंटिनाइट. आणि नागमोडी पट्ट्यांचे कित्येक ‘ग्रॅनाइट’ हे नाइस किंवा मिग्मटाइट. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, पण दगडाचे वागणे बाजारातल्या नावावर नाही, खनिजांवर चालते.

ओट्यासाठी पांढरा दगड घेताय? दुकानदाराकडून कापलेला तुकडा मागून घरी आणा. पॉलिश केलेल्या बाजूवर लिंबाची फोड अर्धा तास ठेवा, पुसा, आणि खिडकीच्या उजेडात तिरके पाहा. मंद डाग उमटला तर तो संगमरवर आहे, नाव काहीही सांगोत. तो डाग बाहेरून चिकटलेला नसतो. आम्लाने पॉलिशच खाल्लेले असते, आणि घासून ते परत येत नाही. रोज लिंबू, चिंच, कोकम, ताक सांडणाऱ्या स्वयंपाकघरात संगमरवराचा ओटा घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. देवघर, बैठकीची खोली, जिना इथे तो शोभतो. डोलोमाइटचा दगड लिंबाला उशिरा दाद देतो, म्हणून खालच्या बाजूला चाकूने ओरखडूनही पाहा. चाकू चालला नाही आणि लिंबाचाही डाग नाही तर क्वार्टझाइट किंवा नाइस. ओट्याला उत्तम, फक्त कापणावळ जास्त पडते कारण यंत्राची पाती लवकर झिजतात.

हिरव्या सर्पेंटिनाइटच्या टाइल सिमेंटच्या ओल्या मिश्रणावर बसवल्या तर पाणी शोषून कडांनी वाकू शकतात. त्यांना इपॉक्सी वापरतात. पांढऱ्या संगमरवरावर पिवळे डाग पडले तर दोष बहुतेक लोखंडाचा: दगडातल्या पायराइटचे (लोह-गंधकाच्या खनिजाचे) सोनेरी ठिपके गंजतात, किंवा खालून लोखंडी खिळा. ताजमहालावरचा मळ काढायला मुलतानी मातीचा लेप लावतात, तो मळ शोषून घेण्यासाठी. तोच उपाय घरच्या तेलकट डागांवर थोडाफार चालतो, गंजावर नाही. ताजचा संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा, कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचाही तिथलाच.

अंगणात किंवा भिंतीला स्लेट लावायची असेल तर दोन परीक्षा. टिचकीला खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज म्हणजे आत भेग. दुसरी, तुकडा अर्धा पाण्यात उभा ठेवून रात्रभर सोडा. ओल पाण्याच्या रेषेच्या फार वर चढता कामा नये. छपरांची स्लेट हिमाचलातल्या कांगड्याकडून येते, आणि आपल्या आजोबांच्या शाळेतली पाटी बहुधा आंध्रातल्या मारकापूरची.

‘रूपांतरित’ म्हणजे टिकाऊ, हा समज मात्र काढून टाका. कोणार्कचे सूर्यमंदिर खोंडालाइटचे आहे, आणि खाऱ्या वाऱ्याने तो दगड भुसभुशीत होत गेला. तिथल्या दारांच्या चौकटी क्लोराइटच्या दगडाच्या, त्यांवरचे कोरीव काम अजून रेखीव आहे. बेलूर-हळेबीडच्या शिल्पकारांनीही क्लोराइट शिस्ट आणि शंखजिऱ्याचाच मऊ दगड निवडला. खाणीतून ताजा निघतो तेव्हा तो सहज कोरता येतो आणि बाहेर आल्यावर हळूहळू कडक होतो.

कारखान्यात आणि खाणीत

कायनाइट आणि सिलिमनाइट दोन्ही पोलादाच्या भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांत जातात, कारण फार तापवले की दोन्हींचे मुलाइट होते आणि मुलाइट १,८०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. पण मुलाइट होताना कायनाइट १५ टक्क्यांहून अधिक फुगते, म्हणून ते आधी भाजून घ्यावे लागते, नाहीतर वीटच तडकेल. सिलिमनाइट फारच कमी फुगते. त्याचे ठोकळे पूर्वी थेट कापून भट्टीत बसवत. पायरी ४ मधल्या अणुरचनेचा फरक इथे थेट पैशात उतरतो.

नागपूर जिल्ह्यातले मनसर, कांद्री, गुमगाव आणि भंडाऱ्यातले चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीच्या खाणी म्हणजे ‘सौसर’ नावाच्या जुन्या खडकांच्या गटातला रूपांतरित मँगनीजचा गाळ. शेजारी गोंडाइट, अभ्रक शिस्ट, संगमरवर. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीत वापरतात. गोव्यात डिचोली-सांगेच्या पट्ट्यात, सिंधुदुर्गात रेडीला आणि गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज मिळते, ते लोह आणि गारगोटीच्या आलटून-पालटून पट्ट्यांच्या रूपांतरित खडकातून. पाण्याने पट्ट्यांतली गारगोटी विरघळून गेली तिथे खनिज श्रीमंत झाले. गोव्यातले हे खाणकाम २०१२ मध्ये थांबले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने पुन्हा रद्द केले; खडकाचे भूविज्ञान आणि राज्याचे अर्थकारण इतके जवळ फार ठिकाणी येत नाही.

बांधकामात शिस्टची खडी काँक्रीटला घेऊ नका. चपट्या तुकड्यांत सिमेंट नीट धरत नाही. नाइस आणि क्वार्टझाइटची खडी चांगली, पण ताणलेल्या गारगोटीची सिमेंटमधल्या अल्कलीशी क्रिया होऊन काँक्रीट काही वर्षांनी तडकू शकते, म्हणून मोठ्या कामाआधी चाचणी करून घ्यावी. डोंगर कापून रस्ता काढताना पत्रणाचा उतार रस्त्याकडे असेल तर पावसात फळ्या घसरणार. उतार डोंगरात जात असेल तर त्याच दगडाचा कडा उभा राहतो. विहिरीसाठी असा खडक कंजूष. कणांच्या मध्ये पोकळीच नसते. पाणी वरच्या कुजलेल्या थरात किंवा भेगांत सापडले तर सापडले.

पाहायला कुठे जावे, आणि काय सांभाळावे

रामटेकच्या टेकडीवर क्वार्टझाइट, जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही काठांना डोलोमाइटच्या संगमरवराचे कडे, गोव्यात दोना पावलाच्या टोकाला समुद्राने धुतलेला रूपांतरित ग्रेवॅक, म्हणजे मुळात मातकट वालुकाश्म. सिंधुदुर्गात कणकवलीच्या आसपास ओढ्यांच्या पात्रात नाइस उघडा दिसतो. लोणारला दगड पाहा, पण उचलू नका; तो परिसर संरक्षित आहे. चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, कितीही मोह झाला तरी.

घरी दगड कापणार किंवा घासणार असाल तर पाणी टाकूनच, आणि नाका-तोंडावर चांगला मास्क. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि पुन्हा निघत नाही. मध्य प्रदेशात मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांत सिलिकोसिसने किती लवकर बळी घेतले याच्या नोंदी आहेत.

नमुना घेतलाच तर मुठीएवढा पुरे. त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यात क्रमांक. वहीत तोच क्रमांक, जागा, तारीख, पत्रण कुठल्या दिशेला किती अंशांनी झुकले होते आणि शेजारी कोणता खडक होता. शेवटच्या दोन गोष्टी घरी आल्यावर दगडाकडे कितीही पाहिले तरी मिळत नाहीत.